जुन्या मोटारीच्या स्वयंचलित गिअरपेटीचे तेल : बदलण्याची रीत आणि काढलेल्या तेलाची वाट

पनवेल-रोहा लोहमार्गावर पेण मागे पडले की पुढचे स्थानक कासू. पूर्वेस डोंगर, जवळून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग आणि पश्चिमेस धरमतर खाडीकडे उतरत गेलेली भातखाचरे व खारभूमी, असा हा पट्टा आहे. येथील नोकरदार मंडळी पेण, वडखळ, डोलवी, नागोठणे, रोहा अशी रोज ये-जा करतात. पूर्वी ही ये-जा एस. टी. किंवा रेल्वेने होत असे. आता अनेक घरांच्या पडवीपुढे दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतलेली चारचाकी उभी दिसते. त्यांतल्या काही गाड्यांना क्लचचे पायडल नसते. शहरातील पहिल्या मालकाने हौसेने घेतलेली, दहा-पंधरा वर्षे वापरून विकलेली ही 'ऑटोमॅटिक' गाडी गावी येते ती बहुधा पुस्तिकेवाचून आणि पूर्वीच्या देखभालीच्या नोंदीवाचून. गिअरपेटीतील तेल शेवटचे कधी बदलले होते, हे कोणीच सांगू शकत नाही.

या पट्ट्यातील एका माध्यमिक शिक्षकांनी अशीच एक गाडी घेतली होती. चढावर गाडी ओढत नाही, म्हणून त्यांनी वाटेवरच्या एका दुकानात गिअरचे तेल बदलून घेतले. दुकानातील मुलाने हाताने गिअर टाकण्याच्या गाड्यांत घालतात ते नव्वद नंबरचे दाट तेल भरले. त्याचा हेतू वाईट नव्हता. गिअरपेटी म्हणजे नव्वद नंबर, एवढेच त्याला ठाऊक होते. काही दिवसांतच गाडी गिअर घेईना, इंजिन नुसते गुरगुरत राही. पेटी उघडून क्लचच्या चकत्या बदलाव्या लागल्या आणि गाडी जितक्या रकमेला घेतली होती तिच्या जवळजवळ निम्मी रक्कम दुरुस्तीत गेली. योग्य प्रकारचे चार लिटर तेल आणि सुटीच्या दिवसाची एक सकाळ एवढ्यावर जे काम भागले असते, त्याची ही कथा. पेटीतून काढलेले जुने तेल दुकानामागच्या गटारात ओतले गेले, हा तिचा दुसरा भाग. त्याकडे पुढे येऊच.

तेल नव्हे, पेटीतला कामकरी

साध्या गिअरपेटीतील तेलाचे काम मुख्यतः वंगणाचे असते. स्वयंचलित पेटीत मात्र तेच तेल निरनिराळी कामे एकाच वेळी करते. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लचऐवजी 'टॉर्क कन्व्हर्टर' नावाचा बंद डबा असतो. त्यात समोरासमोर पात्यांची दोन चक्रे असतात. इंजिनाला जोडलेले चक्र तेल फेकते आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचे चक्र फिरू लागते. एक पंखा चालू करून दुसरा बंद पंखा त्याच्यासमोर धरला, तर वाऱ्याने दुसऱ्याची पाती फिरू लागतात, तसाच हा प्रकार. येथे वाऱ्याच्या जागी तेल आहे. दोन चक्रांच्या मध्ये तिसरे एक चक्र तेलाला पुन्हा योग्य दिशा देते आणि त्यामुळे सुरुवातीच्या ओढीला जोर येतो. जर्मन अभियंता हेरमान फॉटिंगर याने ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजांसाठी मांडली. मोटारीत पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेत, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत. जनरल मोटर्सची ती 'हायड्रामॅटिक' पेटी १९३९ मध्ये जाहीर झाली होती.

पेटीतील पंप हेच तेल दाबाखाली बारीक वाटांनी खेळवतो. कोणत्या वेगाला कोणता गिअर लागावा हे ठरले, की तेलाचा दाब त्या गिअरच्या क्लचच्या चकत्या आवळतो. म्हणजे शक्ती पोचवणे, गिअर लावणे, वंगण देणे आणि उष्णता बाहेर नेणे ही सारी कामे त्या लालसर द्रवाची. यांखेरीज त्याच्या अंगी एक नाजूक गुण असावा लागतो. चकत्या एकमेकींना भिडताना झटका बसू नये इतके ते निसरडे हवे, आणि भिडल्यावर घसरू नयेत इतकेच निसरडे हवे. हा तोल तेलात मिसळलेल्या विशेष द्रव्यांनी साधतो. अमेरिकेत एकेकाळी त्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरीत. १९७० मध्ये तेथे हा मासा धोक्यातील प्राण्यांच्या यादीत आला आणि कारखानदारांना कृत्रिम द्रव्ये शोधावी लागली. विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगी ही गोष्ट आहे.

उष्णता हा या तेलाचा मुख्य शत्रू. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दर ११ अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. गाडी मोकळ्या रस्त्याने एका वेगात चालते तेव्हा कन्व्हर्टरची चक्रे जवळजवळ एकाच गतीने फिरतात. थांबत-सरकत जाताना मात्र तेल नुसते घुसळले जाते आणि तापते. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात गणेशोत्सवाच्या दिवसांत वडखळपासून नागोठण्यापर्यंत रांगेत अडकलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. पुस्तिकेत साध्या वापरासाठी एक अंतर दिलेले असते आणि कष्टाच्या वापरासाठी त्याहून कमी. आपल्याकडील वापर बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतो. काही कारखानदार 'आयुष्यभर तेल बदलणे नको' असे म्हणतात. त्यांच्या मनातले आयुष्य किती वर्षांचे, हे विचारून घेणे बरे. आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून नव्याने करून घ्यावी लागते. त्या वयाच्या गाडीने हा सल्ला मानू नये, असे आमचे मत आहे.

आधी पेटीची जात ओळखावी

क्लचचे पायडल नाही एवढ्यावरून सर्व गाड्या एकाच जातीच्या ठरत नाहीत. मारुतीची सेलेरिओ २०१४ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून स्वस्त गाड्यांत जी 'ऑटोमॅटिक' पद्धत रूढ झाली, तिच्यात पेटी साधीच असते. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम यंत्र करते. अशा पेटीत लाल तेल घालीत नाहीत, साधे गिअर तेलच लागते. ओळखण्याची सोपी खूण अशी की मारुतीच्या अशा गाड्यांच्या दांड्यापाशी 'आर', 'एन', 'डी' ही अक्षरे असतात, पण गाडी उभी करण्याचे 'पी' नसते. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीला 'पी' असतेच. झेन, एस्टीम, सँट्रो यांच्या जुन्या स्वयंचलित आवृत्त्या या दुसऱ्या वर्गातल्या. तिसरी जात पट्ट्याने चालणाऱ्या सीव्हीटी पेटीची. २००३ नंतरच्या होंडा सिटीच्या काही गाड्यांत ती होती. तिचे तेल सर्वस्वी वेगळे असते आणि लाल तेल तिला घातक ठरते. प्रस्तुत लेखातील रीत टॉर्क कन्व्हर्टरच्या, तेल मोजण्याची पट्टी असलेल्या जुन्या पेटीसाठी आहे.

एकाच जातीतही तेलाचे प्रकार अनेक. डेक्सरॉन, मर्कॉन, ह्युंदाईच्या त्या काळच्या कित्येक गाड्यांचे एसपी-३, टोयोटाचे टी-४ अशी नावे डब्यांवर आढळतात. गाडीच्या पुस्तिकेत किंवा पट्टीच्या मुठीवर जे नाव कोरलेले असेल तेच घ्यावे. 'सर्व गाड्यांना चालते' असे डब्यावर छापले असले, तरी आपल्या गाडीला लागणारे नाव मागच्या यादीत आहे की नाही ते वाचावे. रंगावरून तेल निवडू नये. लाल रंग केवळ गळती कशाची हे ओळखता यावे म्हणून घातलेला असतो.

पट्टी काय सांगते

काम हाती घेण्यापूर्वी पट्टी काढून पांढऱ्या कागदावर दोन थेंब टेकवावेत. तेल तांबूस व पारदर्शक असेल तर घाई नाही. ते तपकिरी झाले असेल तर बदलण्याची वेळ आली आहे. काळपट असेल आणि करपल्याचा वास येत असेल तर चकत्या जळाल्या आहेत. अशा वेळी नवे तेल औषधाचे काम करीलच असे नाही. गाडी आधीच घसरत असेल, तर तेलबदलापूर्वी जाणत्या कारागिराला दाखवावी. नाहीतर मरणपंथाला लागलेल्या पेटीचा दोष नव्या तेलावर येतो. यंत्राने दाब देऊन पेटी धुण्याची पद्धत निघाली आहे. वर्षानुवर्षे हात न लागलेल्या पेटीला ती आम्ही सुचवणार नाही. तळाचा गाळ सुटून बारीक वाटांत अडकण्याचे भय असते.

आपल्या भागात आणखी एक रंग ओळखता आला पाहिजे, तो दुधाळ गुलाबी. तेलात पाणी मिसळले की तो येतो. कधी रेडिएटरमधील तेल थंड करण्याची नळी फुटलेली असते. कधी गाडी पुरात उभी राहिलेली असते. अंबा नदीच्या काठाला हे नवे नाही. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाड्यावर अनर्थ ओढवला, आणि नागोठण्याच्या सखल भागात पावसाळ्यात पाणी शिरते हे तेथील रहिवाशांना ठाऊक आहे. पेटीला हवा खेळण्यासाठी वरच्या बाजूस एक बारीक नळी असते. पाणी तिथवर चढले की आत जाते आणि चकत्यांवरील कागदी अस्तराचा डिंक सोडवते. म्हणून चाके बुडतील इतक्या पाण्यात राहिलेली गाडी सुरू न करता प्रथम पट्टी पाहावी. दुधाळ रंग दिसला तर गाडी ओढून न्यावी. अशा वेळी पुढचे दोन चाके जमिनीवर ठेवून ओढणेही पेटीला बाधते. चालणारी चाके उचललेली असावीत.

एकदा बदलून का भागत नाही

इंजिनाचे तेल एक बोल्ट सोडला की जवळजवळ सारे उतरते. स्वयंचलित पेटीचे तसे नाही. कन्व्हर्टर, नळ्या आणि शीतक यांत बरेचसे तेल अडकून राहते. खालच्या बोल्टाने एकूण तेलाचा तिसरा ते निम्मा भागच बाहेर येतो. समजा, पेटीत एकूण ६ लिटर तेल आहे आणि एका वेळी २.५ लिटर उतरते. पहिल्या बदलानंतर पेटीत सुमारे ४२ टक्के तेल नवे झाले. दुसऱ्या वेळी जे २.५ लिटर उतरते त्यात नवेही असते, म्हणून नव्याचे प्रमाण ८४ टक्के न होता ६६ टक्के होते. तिसऱ्या वेळी ८०. इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांना शेकडेवारीचे उदाहरण म्हणून हे घालता येईल: प्रत्येक वेळी जुन्या तेलाचा उरलेला भाग ३.५ भागिले ६ ने गुणत जावा. व्यवहारात दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवून दुसरा बदल आणि तितक्याच अंतराने तिसरा, असे केले म्हणजे पुरते. घाईने एकाच दिवशी तिन्ही करण्यात अर्थ नाही; मधल्या चालीत जुने व नवे तेल नीट मिसळावे लागते.

प्रत्यक्ष काम

सर्वांत आधी जागा. घरी हे काम करताना खरा धोका तेलाचा नव्हे, अंगावर येणाऱ्या गाडीचा असतो. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके घालू नये, क्षणभरही नव्हे. गाडी उचलली की लोखंडी स्टँडवर टेकवावी. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचून त्यांवर गाडी ठेवण्याची रीत सर्रास दिसते. ठोकळा भार सोसत सोसत अचानक फुटतो, आधी इशारा देत नाही. खारपट्टीतील माती पावसाळ्यात मऊ होते, त्यामुळे अंगणात जॅक एका बाजूने रुततो. काँक्रीटची जमीन नसेल तर जाड फळी घालावी आणि शक्यतो हे काम दिवाळीनंतर, जमीन कोरडी झाल्यावर काढावे. मागच्या चाकांच्या पुढे व मागे लाकडी ठोकळे लावावेत, हातब्रेक ओढावा, दांडा 'पी' वर ठेवावा आणि दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असावे.

तेल कोमट असताना चांगले वाहते, म्हणून गाडी दहा मिनिटे फिरवून आणावी आणि मग अर्धा तास थांबावे. थेट फिरून आलेल्या गाडीचा बोल्ट सोडणाऱ्याचा हात भाजतो. त्या अर्ध्या तासात साहित्य मांडून घ्यावे: नवे तेल, बोल्टाचे नवे वायसर, बरोबर मापाचा पाना, पसरट टब, लिटरच्या खुणा असलेली बाटली, लांब नळीचे नरसाळे आणि धागे न सुटणारे फडके. नरसाळे कोरडे व स्वच्छ असावे, कारण या पेटीतील वाटा सुईच्या जाडीच्या असतात आणि फडक्याचा एक धागाही तिथे अडू शकतो. स्वयंपाकघरातील नरसाळे वापरू नये व वापरलेले पुन्हा तिकडे नेऊ नये.

बोल्ट सोडण्यापूर्वी तो पेटीचाच आहे याची खात्री करावी. शेजारी इंजिन तेलाचाही बोल्ट असतो, आणि घाईत चुकीचा उघडून इंजिनाचे तेल काढल्याची व पेटीत दुप्पट भरल्याची उदाहरणे कारागीर हसत हसत सांगतात. सोडलेला बोल्ट पुसून पाहावा. त्याच्या टोकाला बहुधा चुंबक असतो. त्यावर राखेसारखा करडा चिखल असेल तर ते वयाचे लक्षण, चिंता नको. चमकते तुकडे किंवा कीस निघाला तर काम तिथेच थांबवून सल्ला घ्यावा. काही पेट्यांना बोल्टच नसतो, खालची परातच उतरवावी लागते. तेव्हा एका कोपऱ्याकडचे बोल्ट सैल करून परात हळूच कलती करावी, म्हणजे तेल अंगावर न येता टबात पडते. परातीत जाळी असल्यास त्या वेळी ती व गॅस्केट बदलावे. परातीचे बोल्ट फार थोड्या जोराने आवळावयाचे असतात. मनगटाचा जोर दाखवण्याची ही जागा नव्हे. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की पेटी खाली उतरवावी लागते.

आता या कामातील मुख्य गोष्ट. उतरलेले तेल खुणांच्या बाटलीत ओतून मोजावे आणि आकडा लिहून ठेवावा. तेवढेच नवे तेल पट्टीच्या नळीतून सावकाश भरावे. अंदाजाने भरू नये. तेल कमी पडले तर पंप हवा ओढतो आणि गिअर घसरतात. जास्त झाले तर फिरणाऱ्या चक्रांना लागून त्याला फेस येतो. फेसात हवा असते, हवा दाबली जाते आणि चकत्यांना लागणारा दाब मिळत नाही. म्हणजे जास्त तेलाचा परिणामही कमी तेलासारखाच होतो. गाडीत पूर्वीच तेल कमी असेल तर उतरलेल्याइतके भरूनही पातळी कमी राहील. त्यासाठी पट्टी आहे.

गाडी जमिनीवर उतरवून सपाट जागी उभी करावी, इंजिन सुरू करावे आणि ब्रेकवर पाय घट्ट ठेवून दांडा प्रत्येक खुणेवर काही सेकंद थांबवत शेवटी 'पी' वर आणावा. खाली गळती नाही हे पाहावे. मग गाडी फिरवून तेल तापवावे आणि इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढावी; तेल 'हॉट' या दोन खुणांच्या मध्ये असावे. येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. होंडाच्या बहुतेक जुन्या गाड्यांत ही पाहणी इंजिन बंद करून, मिनिट-दीड मिनिटाच्या आत करावयाची असते. पुस्तिका जे सांगेल तेच प्रमाण. पट्टीच नसलेल्या, तेलाचे तापमान मोजून बाजूच्या बोल्टातून पातळी ठरवावयाच्या गाड्यांसाठी चारही चाके समपातळीत उचलावी लागतात. त्यांचे काम घरी काढू नये.

काढलेले तेल जाते कोठे

येथपर्यंतचे काम गाडीमालकाच्या हिताचे. पुढचा प्रश्न गावाच्या हिताचा आहे. तीन बदलांत सात-आठ लिटर टाकाऊ तेल हाती येते. ते बांधावर ओतणे, तणावर टाकणे, धूळ बसावी म्हणून रस्त्यावर शिंपडणे, कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी फासणे, सरपणावर घालून पेटवणे या सर्व रीती आपल्या परिचयाच्या आहेत. जुन्या पिढीने त्या अजाणतेपणी पाळल्या. आज त्यांचे समर्थन करता येत नाही. वापरलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचा अंश असतो, तापून बदललेली द्रव्ये असतात, आणि ते मातीत लवकर कुजत नाही. एका गाडीच्या एका तेलबदलातील टाकाऊ तेल दहा लाख गॅलन गोड्या पाण्याला बाधा आणू शकते, असा इशारा अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था देत आली आहे.

कासूसारख्या ठिकाणी या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. येथील ओढे-नाले खाचरांतून खारबंदिस्तीकडे जातात, उघाडीतून खाडीत पोचतात, आणि भरती-ओहोटीबरोबर तेच पाणी मागे-पुढे होत राहते. पेण-अलिबागकडील खारपट्टीत शेताच्या तळ्यांतून जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे. पाण्यावर तेलाचा पापुद्रा किती पातळ असला तरी पुरतो, हे हिवताप विभागातील कर्मचारी जाणतात. डासांच्या अळ्या मारण्यासाठी डबक्यांवर तेल टाकतात ते याच तत्त्वावर, कारण त्या पापुद्र्याने अळीचा श्वास कोंडतो. जे अळीला बाधते ते तळ्यातील इतर लहान जीवांना बाधत नाही, असे मानण्यास आधार नाही. आणि माशांची पिल्ले त्याच जीवांवर वाढतात. खाडीच्या तोंडाशी कांदळवन असते. त्याची श्वासमुळे चिखलातून वर आलेली असतात आणि तेलाच्या थराने तीही गुदमरतात.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घातक व इतर टाकाऊ पदार्थांच्या नियमांत 'वापरलेले तेल' याची व्याख्या दिलेली आहे आणि त्यात इंजिन तेलाबरोबर गिअर तेलाचा नावानिशी उल्लेख आहे. असे तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेले पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून तर वंगण तेलाच्या उत्पादकांवर वापरलेले तेल परत गोळा करवून त्यावर प्रक्रिया करवण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. कारखाने व मोठी गॅरेजे या चौकटीत येतात. अडचण आहे ती घरी काम करणाऱ्याची आणि महामार्गालगतच्या लहान दुकानांची. चार लिटर तेलासाठी कोणतीही गाडी कासूपर्यंत येणार नाही.

येथे ग्रामपंचायतीला करता येण्याजोगी एक लहानशी गोष्ट आहे, आणि तिला वेगळा निधी लागत नाही. पंचायतीच्या आवारात, पावसाचे पाणी लागणार नाही अशा छपराखाली, घट्ट झाकणाचे एक पिंप ठेवावे. त्याखाली पसरट पत्र्याची परात असावी, म्हणजे सांडलेले जमिनीवर जाणार नाही. शेतकऱ्यांचे पंप, पॉवर टिलर, मोटारसायकली आणि मोटारी या साऱ्यांचे तेल त्यात जमा होऊ शकते. पिंप भरत आले की महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून अधिकृत केंद्रांची माहिती घेऊन ते त्यांच्याकडे द्यावे व पावती ठेवावी. कोणी भंगारवाला बरा भाव देतो म्हणून त्याच्या हाती सोपवू नये. असे तेल पुढे भट्टीत जाळले जाते किंवा नव्या डब्यात भरून पुन्हा विकले जाते, आणि त्याच डब्यातून ते आपल्याच गाडीत परत येण्याचा संभव असतो. पिंपात पाणी, रंग, पेट्रोल वा कीटकनाशक मिसळू देऊ नये. मिसळलेले तेल केंद्रे स्वीकारीत नाहीत. हा विषय १५ ऑगस्टच्या किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडता येईल.

घरी काढलेले तेल पिंपापर्यंत नेण्यासाठी नव्या तेलाचाच रिकामा डबा वापरावा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत ते भरू नये; लाल तेल सरबतासारखे दिसते आणि घरात मुले असतात. डब्यावर 'वापरलेले तेल' असे मोठ्या अक्षरांत लिहावे. हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने नव्हेत. तेल लागलेली फडकी एका ढिगात न ठेवता पसरून वाळवावीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्यापूर्वी खाली वर्तमानपत्राचे पान सरकवून एक ताजा लाल थेंब पडतो का ते पाहावे. पडत असेल तर वायसर नीट बसलेले नाही. न पडल्यास गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक लहान वही ठेवून तिच्यात तारीख, किलोमीटरचा आकडा, तेलाचे नाव आणि उतरलेल्या व भरलेल्या लिटरांचे माप लिहून ठेवावे, आणि दुसरा बदल कोणत्या आकड्यावर करावयाचा तेही. गाडी पुढे कोणाला विकली, तर ही वही किल्लीबरोबर द्यावी.